काचेचं कोपर

ता. ४, मंगळवार

सगळ्यात आधी आली ती कुत्रेवाली. आमच्या सामानाचा टेम्पो अजून अर्धाच उतरला होता, सून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कपबश्या शोधत होती, आणि ही बाई हातात कुत्र्याचा पट्टा धरून दारात उभी. डोळे सगळे आमच्या खोक्यांवर. म्हणाली, थोडी साखर मिळेल का विचारायला आले. मी म्हटलं, मग वाटी घरीच विसरलीस वाटतं. तशी खो खो हसली. मला आवडली. चौकशीला आलेली बाई फारसं लपवत नसली की माझं तिच्याशी जमतं. तिच्या मागून या गाड्यांच्या तळाचा मॅनेजर आला, नियम सांगून गेला, त्यातला एकही मला आठवत नाही. आणि शेवटी आले ते ही गाडी आम्हाला विकणारे नवरा-बायको. त्यांचं पुढे लिहिते, आधी माझं.

ही वही भिंगरीची. भिंगरी म्हणजे माझी नात, एका जागी उभी म्हणून राहायची नाही. तिला शाळेत रोजनिशी लिहायला सांगितली होती, तिनं दोन पानं लिहिली आणि कंटाळली. म्हणाली, आजी, उरलेली तू लिही, मी चुका काढीन. मी तिसरीत शाळा सोडलेली. चुका पोटभर सापडतील, पोरीला आयुष्याचं काम मिळालं.

तर आता आमचं घर म्हणजे गाडी. मुलाचं काम फिरतीचं, दर वेळी नवी भाड्याची जागा शोधून तो वैतागला आणि त्यानं ही घरगाडी घेतली. उभी आहे या तळावर, अशाच आणखी गाड्यांच्या रांगेत. बसएवढी लांब आहे. आत ओटा, गादी घातलेले बाक, बाकांखाली कपाटं. संडास आणि न्हाणी मिळून एका फडताळाएवढी. बसलं की गुडघे दाराला टेकतात, म्हणजे कडी मोडली तरी काळजी नाही. दुपारी मी नुसती आतबाहेर करत होते. या वयात चाकं लागलेलं घर मिळालं, अजून काय पाहिजे?

सुनेचं म्हणणं मला आणू नये असं होतं. तिच्या तोंडून ते गोड यायचं, आईंना एवढ्याशा जागेत त्रास होईल, तो वृद्धाश्रम छान आहे, तिथे बाग आहे. बागेत मी काय करणार, उगवणार? भिंगरीनं रडून घर डोक्यावर घेतलं म्हणून मला आणलं. पण मी काही दूधखुळी नाही. अडचणीच्या घरात माणसानं कामाचं असावं लागतं. या गाडीत एक काम असं आहे की ते कोणालाच नको, ते म्हणजे टाक्या रिकाम्या करणं. मी सांगून टाकलं, टाक्या माझ्या. मुलगा म्हणाला, आई, अगं घाण असते ती. मी म्हटलं, तुझी लहानपणी काढली ती काय अत्तर होतं?

ते नवरा-बायको मला शिकवायलाच आले होते. नवरा बोलायला इतका गोड की मी त्याचं नाव साखऱ्या ठेवलं. बायको तोंड उघडत नाही, ती गप्पबाई. गाडीच्या पोटात दोन टाक्या आहेत. काळी संडासची, करडी ओट्याच्या आणि अंघोळीच्या पाण्याची. बाहेरच्या अंगाला दोन दांड्या. जाड नळीचं एक टोक गाडीला लावायचं, दुसरं जमिनीतल्या गटाराच्या तोंडात खुपसायचं. आधी काळीची दांडी ओढायची. ती वाहून गेली की करडीची, म्हणजे साबणाचं पाणी जाता जाता नळी धुऊन काढतं. उलट केलं तर घाण नळीत राहून जाते. नळी सुरू होते तिथे एक वाकडा, आरपार दिसणारा तुकडा आहे. त्यात बघायचं, पाणी नितळ आलं की टाकी रिकामी. तो प्लास्टिकचा आहे पण मी त्याला काचेचं कोपर म्हणते. गप्पबाई त्या कोपराकडे टक लावून बसली होती. त्यातून काहीसुद्धा वाहत नव्हतं तेव्हाही.

मागे भिंगरीला निजायला कठड्याची छोटी फळी आहे. साखऱ्या म्हणाला, आम्ही तिथे बॅगा ठेवायचो, आम्हाला मूलबाळ नाही. पण भिंगरीनं खालून हात फिरवला तर फळीला चघळलेलं च्युइंगगम चिकटवलेलं, ओळीनं, वर बारीक दातांचे ठसे. बॅगा च्युइंगगम खात असतील. पाहुण्यांना उलट विचारू नये म्हणून मी गप्प बसले. सुनेनं ते सुरीनं खरवडून काढलं. तिला गमचा भारी तिटकारा, भिंगरीला ती कधी तोंडात घालू देत नाही.

ता. ६, गुरुवार

आज राग आलाय म्हणून लिहिते.

संडासाबाहेर भिंतीवर तीन दिवे आहेत. हिरवा म्हणजे टाकी रिकामी, पिवळा म्हणजे अर्धी, लाल म्हणजे भरली. परवा हिरवा होता. आज सकाळी लाल. मुलगा म्हणतो, चार माणसांना टाकी आठवडाभर पुरायला हवी. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे काय? म्हातारं माणूस दोनदा जास्त उठतं हे खरं, पण मी काय तलाव आहे? वर सून म्हणाली की आई पाणी कमी ओततात, म्हणून खाली ढीग साचत असेल. हे मात्र माझं चुकलं होतं. मी जन्मभर पाणी जपून वापरलेली बाई, अर्धा मग ओतायचे आणि मनात स्वतःची पाठ थोपटायचे. या टाकीला मात्र भरपूर पाणी लागतं, नाहीतर घाण एकावर एक बसून दगड होते. माझी काटकसर म्हणे गाडीला बाधते. असू दे, शिकले. आता दोन मग ओतते.

पण काम मी चोख केलं. रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, गुडघ्याखाली जुनी उशी. काळीची दांडी ओढली आणि कोपरातून धो धो जायला लागलं. कोणी हसेल, पण मला बरं वाटलं. घराची घाण डोळ्यांदेखत जाताना बघण्यात एक सुख असतं, ते झाडू मारणाऱ्या माणसालाच कळतं.

एक गंमत झाली. शेवटी शेवटी कोपरातून एक निळी दोरी गेली. माझ्या चष्म्याला बांधलेली आहे तशीच, तशाच तीन ठिकाणी गाठी मारलेली. मी मानेला हात लावला तर माझी जागच्या जागी. म्हटलं, त्या साखऱ्याच्या बायकोलाही माझ्यासारखीच गाठ मारायची सवय असेल.

ता. ७, शुक्रवार

चष्मा बाकावर, दोरी नाही. उशीखाली पाहिलं, बाकाखाली पाहिलं, भिंगरीचे खिसे पाहिले. चष्मा कोणी सोडून ठेवला नाही, दोरी कोणी कापली नाही, नुसती नाही. भिंगरी म्हणाली, आजी, उंदीर असेल. उंदराला काय कमी दिसतं?

संध्याकाळी दिवा पिवळा.

ता. ८, शनिवार

दिवा लाल. काल तर मी तळाच्या सार्वजनिक संडासात गेले, दर वेळी, मुद्दाम, आणि जाताना सुनेला सांगून गेले. तरी लाल. सून म्हणते, मग दिवा बिघडला असेल. माझ्यावर बिल फाडताना दिवा बरोबर होता, आता लगेच बिघडला.

पण दिवा बिघडलेला नाही. दांडी ओढली तर टाकी खरंच तोंडोतोंड होती. आणि कोपरातून माझी कवळी गेली.

लिहिताना माझाच विश्वास बसत नाही. गुलाबी टाळू, पुढचे दोन दात, त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला. मी तो शेंगदाण्यावर उडवला होता. मी लगेच जीभ फिरवली. कवळी माझ्या तोंडात होती. तोंडात होती आणि कोपरातून गेलीही.

मुलाला हाक मारली. तो येईपर्यंत पाणी नितळ झालं होतं. म्हणाला, ऊन आहे, आई, आत बस.

ता. ९, रविवार

कवळी रात्री पेल्यात ठेवली होती. सकाळी पेल्यात पाणी आहे, कवळी नाही.

खूप बोलाचाली झाली. मुलाचं म्हणणं, तू पेला संडासात ओतलास आणि विसरलीस. सुनेनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं सुनेकडे. मला ती नजर कळते, मी तुझ्या बापाबरोबर संसार केलाय, बाबा. मग सून हळू आवाजात म्हणाली की आश्रमात अशा लोकांकडे लक्ष द्यायला माणसं असतात. अशा लोकांकडे. मी ताट तसंच सारलं. बिनदातांचं रागावणं किती केविलवाणं दिसतं ते आरशात पाहिलं आणि मग आणखी राग आला.

दुपारी भिंगरीला घेऊन कुत्रेवालीकडे जाऊन बसले. तिच्याकडे नखं रंगवायच्या बाटल्या आहेत, भिंगरीनं त्यातला पोपटी रंग निवडला. मी तिची नखं रंगवली. माझं उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे, दारात सापडलं होतं, त्यामुळे रंग थोडा कातडीवर आला. ती म्हणाली, आजी, तू वहीसारखंच रंगवतेस, रेघेबाहेर.

पोरगी खेळायला पळाली तशी मी कुत्रेवालीला साखऱ्याचं विचारलं. ती म्हणाली, मूलबाळ नाही असं सांगितलं का त्यांनी? आणि मग जरा जवळ सरकली. मुलगी होती त्यांना, भिंगरीएवढी. दिवसभर गम चघळायची आणि हिच्या कुत्र्याला चेंडू टाकायची. मग एके दिवशी दिसेना. मावशीकडे शिकायला ठेवली म्हणाले. मावशी कधी कोणी पाहिली नव्हती. लोकांनी विचारलं तेव्हा साखऱ्यानं सगळ्यांना मावशीचा वेगवेगळा गाव सांगितला.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात कुत्रा उठला, चेंडू तोंडात धरून आमच्या गाडीकडे गेला. दांड्यांच्या बाजूला गेला, टाकीच्या तोंडाखाली चेंडू ठेवला आणि शेपटी हलवत उभा राहिला. वाट बघत. कुत्रेवाली म्हणाली, रोजच करतो, मूर्ख आहे.

ओळखीच्या माणसासाठी हलवतात तशी हलवत होता.

ता. १०, सोमवार

दिवा पुन्हा लाल. मुलानं मला बजावलं, आज रिकामी कर, वास यायला लागलाय. मी केली. 

कोपरातून भिंगरीचा केसांचा चाप गेला. पिवळा, बदकाचा, एक डोळा उडालेला.

मी मागे पाहिलं. भिंगरी पायरीवर बसून बूट घालत होती. चाप केसांत.

दांडी तशीच आत ढकलली. अर्धी टाकी तशीच राहिली. राहू दे. आता मला कळलंय. ही टाकी घाण दाखवत नाही, ती पुढे काय नेणार ते दाखवते. माझी दोरी नेली, मी काही बोलले नाही. दात नेले, चिडले पण गिळलं, आता गिळायला तेवढंच येतं. पण पोरीच्या केसांपर्यंत हात आणलास, मेले, तर तुझी माझी गाठ आहे.

चाप तिच्या केसांत दोऱ्यानं बांधला. सात गाठी. ती म्हणते, आजी, खाज येते. म्हटलं येऊ दे.

ता. ११, मंगळवार

दोरा केसांत आहे. सातही गाठी घट्ट. चाप नाही.

मी काळ्या टाकीच्या दांडीला तार बांधली आहे. जे दिसणार नाही ते जाणार नाही. सगळ्यांना सांगितलं, तळाचा संडास वापरा, ही दांडी कोणी ओढायची नाही. मुलानं विचारलं, का. मी सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग मी रागावले तसा तोही रागावला. टाक्या माझ्या म्हणणारी तूच ना, म्हणाला, एक काम मागून घेतलंस आणि तेही —

भिंगरी रात्री माझ्याजवळ निजते. माझ्यासाठी हीच एक जागा आहे या घरात, तिच्या शेजारची, ती मी सोडणार नाही.

ता. १२, बुधवार

मुलानं पकडीनं तार तोडली. मी दांडीवर हात धरून बसले तर मला खांद्याला धरून उठवलं, माझ्याच मुलानं. दांडी ओढली आणि तो नळीचं दुसरं टोक नीट बसलंय का ते बघायला वाकला. कोपराकडे मीच बघत होते.

आधी काळं पाणी. मग बोटं.

बारीक. कोपराच्या आतल्या कडेला धरलेली. पोपटी नखं, रंग कातडीवर आलेला.

मी लाथेनं दांडी आत मारली. नळी उसळली, त्याच्या कपड्यांवर घाण उडाली. तो ओरडत होता, मी ओरडत होते, सून दारात. त्याला काही दिसलं नव्हतं. त्याला मी दिसले.

भिंगरी घरातच होती, चित्र काढत. मी तिची बोटं मोजली. परत मोजली.

ता. १३, गुरुवार

मुलानं साखऱ्याला फोन केला आणि दोघं दुपारीच आली. खुर्च्या टाकल्या, चहा झाला. साखऱ्या मुलाला म्हणाला, आजीबाईंना त्रास नको, तुम्हीही हात लावू नका, आम्ही रविवारी सकाळी येतो आणि टाकी स्वतः रिकामी करून, धुऊन देतो, विकणाऱ्याचं कर्तव्यच आहे. मुलाचे डोळे भरून आले. असे लोक राहिलेत कुठे, म्हणाला.

मी गप्पबाईकडे बघत होते. ती भिंगरीकडे. तिनं पिशवीतून एक जुना फ्रॉक काढला आणि भिंगरीच्या खांद्याला लावून पाहिला. शिंपी माप घेतो तसा. बरोबर बसत होता. ती हसली नाही, फक्त मान हलवली, ठीक आहे म्हणतात तशी.

ती हात धुवायला उठली तशी मी तिच्या मागे गेले आणि विचारलं, तुझी मुलगी कुठे आहे. ती वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, आजी, तुम्हालाही दिसतं ना कोपरात? मग तुम्हाला कळेल. त्या टाकीत एक आत गेल्याशिवाय एक बाहेर येत नाही. आम्ही खूप वाट पाहिली. मग विचार केला, ही गाडी मूल असलेल्या कोणाला तरी द्यावी.

असं म्हणाली. शांतपणे. मग हात पुसले माझ्याच टॉवेलाला.

मी तिच्या थोबाडीत मारली. सगळ्यांनी ते पाहिलं, ती काय बोलली ते कोणीच ऐकलं नव्हतं. मुलानं तिची माफी मागितली. सोमवारी मला आश्रमात सोडायचं ठरलं आहे. सोमवार कोणी पाहिलाय. मला रविवारची काळजी आहे.

फ्रॉक मी कचऱ्यात टाकला.

ता. १४, शुक्रवार

कुत्रेवालीला सांगितलं. ती ऐकते, पण अशी, जसं मी माझ्या आजारपणाचं सांगतेय.

मग मलाच सुचलं. एक गेली की एक, असं गप्पबाई म्हणाली. पोरच गेली पाहिजे असं नाही म्हणाली. मग म्हातारी चालेल की.

सगळे बाहेर गेले तेव्हा संडासाचं झाकण उघडलं आणि टाकीला सांगितलं. नीट सांगितलं, भांडखोर भाडेकरूला सांगतात तसं. म्हटलं, तू माझी दोरी घेतलीस, दात घेतलेस, म्हणजे मीच तुझ्या तोंडी लागले होते. मग पोरीकडे का वळलीस? हे घे. माझा कंगवा टाकला. हातरुमाल टाकला. वेणीची टोकं कापून टाकली. दोन मग पाणी ओतलं. माझीच बाधा आहे ना गाडीला, मग मलाच घे.

आतून काही आवाज नाही. चघळल्यासारखा, फार तर.

ता. १५, शनिवार

बघायला हवं होतं. तिनं ऐकलं का ते. दांडी बोटभर ओढली.

कंगवा. पांढरे केस. मग हात आला, सुरकुतलेला, मधलं बोट वाकडं. माझा. मी आनंदानं हसले, खरंच हसले, तिथे चिखलात बसून. घेतलं तिनं. मलाच घेतलं.

मग हात आणखी पुढे आला. मुठीत काहीतरी धरलेलं. लहान हात. पोपटी नखं.

दांडी बंद.

दोघींना. एक म्हणाली होती ती — मी एक दिली होती — हलकट टाकी, माणसांसारखीच, एक द्यावं तर —

दांडीला साखळी. कुलूप. किल्ली माझ्याजवळ. उद्या ते आले की दांडीवर बसणार. उठवा मला. कोण उठवतो बघते.

ता. १६, रविवार

डोळा लागला. सकाळी उठले तर गळ्यातली किल्ली नाही. फरशी धुतलेली, नव्या चादरी, खिडकीत फुलं. सून गुणगुणतेय.

दिवा हिरवा.

पाहुणे येणार, मुलगा म्हणाला. त्यांना येऊन आपली घाण उपसावी लागणार, वासात बसावं लागणार, लाज नाही का वाटत, म्हणाला. म्हणून सकाळीच उरकली. सगळी. दोन वेळा धुतली. आई, किती सोपं होतं बघ, म्हणाला. आणि हसला. खूश होता. म्हणाला, सोमवारचं राहू दे, तू इथेच राहा.

पाहुण्यांसाठी. ज्यांनी येऊन नेलं असतं ते ह्यानं त्यांच्यासाठी आधीच —

भिंगरी कुठे विचारलं. बाहेर खेळतेय म्हणाला.

खेळतेय. पाठमोरी. कुत्र्याला चेंडू टाकतेय. कुत्रा वेडा झालाय आनंदानं.

अंगात तो कचऱ्यात टाकलेला फ्रॉक. ओला.

वळली. तोंड हलतंय. चघळतेय.

नखांना रंग नाही.

मी ओरडले नाही. ओरडून काय. त्यांना मीच दिसणार.

दांडीपाशी बसलेय. नळी काढली. दांडी पूर्ण ओढलीय. आत अंधार आहे आणि गार हवा येतेय. वही मांडीवर.

आता डोकं ताळ्यावर आहे. ऐक. टाकी खोटं दाखवत नाही. दोरी गेली, दात गेले, चाप गेला, सगळं दाखवलं तसं. मग कालचंही तसंच. माझा हात. त्यात तिचा हात. मुठीत धरलेला. धरलेला होता, सुटलेला नव्हता. म्हणजे सापडते. म्हणजे मला ती सापडते आणि मी —

मोजे नको. मोज्यात हात घसरतो.

ती पोर मागे येऊन उभी आहे. गमचा वास. विचारतेय, आजी, माझी आई कधी येणार.

येईल ग. तुझा काय दोष. रविवारी येतो म्हणाले होते. आजच —

चाकांचा आवाज. आले. येऊ देत.

डावा हात आत घालते, उजव्यानं लिहिते. नाही, वाकडं बोट उजव्याला आहे, उजवाच घालायला हवा, दाखवलं तसं. मग लिहिणं —

कोपरापर्यंत गेला. डाव्यानं लिहितेय, भिंगरी, चुका काढ, तू काढायच्या आहेत, वर ये आणि काढ —

काहीतरी लागलं. बारीक. गार. धरलं मी. ओढतेय ती, तिकडून कोणीतरी, पण मी सोडत नाही, दार उघडलं त्यांचं, रविवार म्हणाले होते, रविवारी येतो, आज र